सूनबाई ॲडमिन आणि घरचं राजकारण

पत्र

2020 च्या लॉकडाऊनमध्ये मी सासरच्या मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. वाढदिवस, आजारपण, लग्नाच्या तारखा, एवढ्यासाठीच होता तो. आज त्यात 47 जण आहेत आणि 2024 च्या विधानसभेपासून राजकारणाशिवाय तिथे काही होत नाही. माझे भासरे (यजमानांचे थोरले भाऊ) रोज सकाळी दहा-बारा फॉरवर्ड टाकतात. पुण्यातला भाचा त्यांना 'भक्त' म्हणतो, ते त्याला 'अर्बन नक्षल' म्हणतात, बाकीचे चुपचाप वाचून राहिले. मागच्या महिन्यात भासऱ्यांनी एका समाजाबद्दलचा व्हिडिओ टाकला. मी ॲडमिन म्हणून तो डिलीट केला. 'माझा मेसेज पुसणारी ही कोण?' असं म्हणून ते ग्रुप सोडून गेले, आणि आता घरच्या कार्यक्रमातही माझ्याशी बोलत नाहीत. यजमान राज्य सरकारच्या नोकरीत आहेत, ते म्हणतात ग्रुपच बंद कर. उद्या काही झालं तर पोलीस ॲडमिनलाच धरतील का? आणि अजून एक. शाळेपासूनच्या मैत्रिणीच्या फेसबुक पोस्टखाली मी रागाच्या भरात लिहिलं, 'तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती, विकली गेलीस का?' ती आता फोनही उचलत नाही. काय करू?

— एक ॲडमिन, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर

ताई, पोलिसांची भीती आधी काढून टाकू, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठापुढे आला होता. प्रकरण गोंदियाकडचं. ग्रुपमधल्या एकाने महिला सदस्याबद्दल घाणेरडं लिहिलं, ॲडमिनने त्याला काढलं नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा नोंदला गेला. मार्च 2021 मध्ये खंडपीठाने ॲडमिनवरची ती कारवाई रद्द केली. सदस्य काय लिहिणार हे ॲडमिनला आधी कळत नाही आणि त्याला ते आधी अडवताही येत नाही. दोघांनी मिळून ठरवून केलं असेल तर गोष्ट वेगळी, एरवी दुसऱ्याच्या मेसेजसाठी ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं.

तुम्ही स्वतः जे पुढे ढकलाल ते मात्र तुमच्या नावावर. भारतीय न्याय संहितेचं कलम 196 समाजासमाजांत तेढ वाढवण्याबद्दल आहे आणि 353 खोटी माहिती आणि अफवांबद्दल. 353 मध्ये मजकूर तयार करणाऱ्याबरोबर तो फिरवणाराही येतो, त्यामुळे 'मी तर फक्त फॉरवर्ड केलं' हा बचाव लंगडा आहे. यजमानांना 1979 चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम लागू आहेत, त्यांनी कुठल्याही पक्षाचा प्रचार ग्रुपवर करू नये. ग्रुपमध्ये नुसतं असल्याने नोकरीला काही होत नाही. तेव्हा भीतीपोटी ग्रुप बंद करायची गरज नाही. बंद केलात तर आठवड्याभरात दुसरं कोणीतरी नवा काढेल, आणि तिथे तुमच्या हातात काहीच नसेल.

आता त्या व्हिडिओचं. तो हटायला हवा होता, यात आम्हाला शंका नाही. 17 मार्च 2025 च्या संध्याकाळी महाल भागात जे झालं ते तुम्ही जवळून पाहिलं असेल: अफवा मोबाइलवरून फिरल्या, दगडफेक आणि जाळपोळ झाली, शहराच्या बऱ्याच भागांत संचारबंदी लागली, आणि नंतर सायबर पोलिसांनी पोस्ट टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवले. अशा शहरात एखाद्या समाजाबद्दलचा पत्ता-तारीख नसलेला व्हिडिओ घरच्या ग्रुपवर पडून राहू देणं बरं नाही.

पण हटवायची रीत चुकली. ॲडमिन जेव्हा दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी डिलीट करतो तेव्हा त्या जागी ॲडमिनच्या नावासकट ओळ उरते, अमुक ॲडमिनने हा मेसेज डिलीट केला म्हणून. म्हणजे 47 जणांसमोर धाकट्या सुनेने भासऱ्यांचं बोलणं पुसलं, आणि तशी पाटीही लागली. त्या क्षणी व्हिडिओ खरा की खोटा हा विषय संपला आणि मानपानाचा सुरू झाला. मानपानात तुम्ही जिंकूच शकत नाही, सुनेच्या जागेवरून तर नाहीच.

त्याऐवजी असं करायचं. आपला मेसेज सर्वांसाठी डिलीट करायला पाठवणाऱ्याला सुमारे अडीच दिवस मिळतात. ही खिडकी फार कामाची आहे. ती उघडी असेपर्यंत माणसाला स्वतःच्या हाताने मागे घेता येतं, आणि मग पाटीवर दुसऱ्याचं नाव लागत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी, ग्रुपबाहेर, फोन करा. तुमच्याकडून फोन जड जात असेल तर यजमानांनी करावा, सख्ख्या भावाचं बोलणं निराळं असतं. बोलणं इतकंच:

'दादा, सकाळचा व्हिडिओ पाहिला. तो आपल्याकडचा नाही, जुना दिसतो. आत्ता वातावरण असं आहे, उगाच आपल्या नावावर नको. तुम्हीच काढता का?'

यात व्हिडिओ चुकीचा आहे, तुम्ही चुकला नाहीत, असा अर्थ निघतो. 'दादा, तुम्ही काहीही टाकता' या वाक्याने सगळं बिघडतं. लिंक पहिल्या बोलण्यात पाठवू नका. लिंक पाठवली की ती न उघडताच 'ते सगळे विकलेले आहेत' असं उत्तर येतं. त्यांनी 'कशावरून?' विचारलं तर मग पाठवा. मागितलेली लिंक उघडली जाते. ॲडमिनचं डिलीट बटण फक्त तेव्हाच, जेव्हा मजकुराने आजच्या आज कोणाच्या अंगावर जमाव जाऊ शकतो आणि पाठवणारा फोन उचलत नाही. तेव्हा मात्र मानपान पाहू नका, डिलीट करा आणि लगेच त्यांना व्यक्तिगत कळवा.

'जुना दिसतो' म्हणण्याआधी तो खरंच जुना आहे का, हे तुम्हाला माहीत हवं. पाच-सात मिनिटांचं काम आहे. मेसेजवर दुहेरी बाण असेल तर तो मूळ माणसापासून निदान पाच हात फिरून आला आहे, म्हणजे दादांना ज्याने पाठवला त्यालाही तो कुठून आला हे ठाऊक नाही. बाण नसला म्हणून निर्धास्त होऊ नका. डाऊनलोड करून नव्याने टाकलं किंवा मजकूर कॉपी-पेस्ट केला की बाण जातो. फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये, म्हणजे गूगलच्या फोटोवरून शोधायच्या सोयीत, टाका. व्हिडिओ तसाच शोधता येत नाही, म्हणून तो थांबवत थांबवत पाहा आणि दुकानाची पाटी, गाडीचा नंबर, पोलिसांचा गणवेश, बसवरची अक्षरं जिथे दिसतात अशा तीन-चार ठिकाणी स्क्रीनशॉट घ्या. एकेक लेन्समध्ये शोधा. पाटी बांगला किंवा तमिळ निघाली तर 'नागपूरचा व्हिडिओ' तिथेच संपला. अंधुक, चेहऱ्यांचे स्क्रीनशॉट घेऊन शोधणाऱ्यांना काहीच सापडत नाही आणि मग ते 'गूगलवर पण काही नाही, म्हणजे खरंच असेल' असं धरतात. न सापडणं हा पुरावा नव्हे.

मजकूर असेल तर त्यातले दोन-तीन ठळक शब्द आणि पुढे 'फॅक्ट चेक' असं मराठीत आणि हिंदीत, दोन्हीत शोधा. हिंदीत जास्त सापडतं. न्यूजचेकर आणि फॅक्ट क्रेसेंडो यांचं काम मराठीतही असतं, बूम आणि ऑल्ट न्यूज हिंदी-इंग्रजीत. पीआयबीचं (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं) फॅक्ट चेक केंद्र सरकारच्या योजना, आदेश, भरती यांच्यापुरतं कामाचं. ते सरकारचंच खातं आहे, त्यामुळे सरकारवरच्या टीकेचा निवाडा तिथून मागू नका. आणि भासरे ज्या बाजूचे आहेत त्याच बाजूचं वर्तमानपत्र किंवा चॅनेल 'व्हिडिओ जुना' म्हणत असेल तर तीच लिंक द्या. तुमच्या आवडीच्या पत्रकाराची दहा कात्रणं एका बाजूला आणि ती एक दुसऱ्या बाजूला.

हे सगळं रोजच्या दहा-बारा फॉरवर्डसाठी करायचं का? अजिबात नाही. त्यातले बहुतेक मेसेज म्हणजे मत किंवा टवाळी, आणि त्यांना तपासण्यासारखं काही नसतं. 'अमुक नेता देशाचा तारणहार' हे वाक्य खोटं ठरवता येत नाही, खरंही ठरवता येत नाही, सोडून द्या. आमच्या मते फक्त तीन जातींच्या मेसेजवर हात घालावा: ज्याने कोणाच्या जिवाला धोका होतो (समाजाबद्दलच्या अफवा, मुलं पळवणाऱ्या टोळ्या, औषध बंद करायला लावणारे उपाय), ज्याने घरातल्या कोणाचे पैसे जातात (योजनेच्या नावाने येणाऱ्या खोट्या लिंक), आणि ज्यात ओळखीच्या, खासगी माणसाची बदनामी आहे. बाकीचं वाचून खाली सरकायचं. वरून हे बुळेपणाचं वाटतं, पण रोज बोलणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. महिन्यातून एकदा बोललात तर लोक थांबून वाचतील.

भाच्याचं काय करायचं ते तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या पत्रातला निम्मा त्रास त्याचा आहे. तो हुशार असेल, त्याची माहिती बरोबरही असेल. तरी ग्रुपवर तो मामांशी बोलतच नसतो. त्याचं बोलणं बघणाऱ्या 45 जणांसाठी असतं, आणि मामांचंही. प्रेक्षक असले की माघार घेणं म्हणजे हार, आणि घरातल्या थोरल्याने भाच्यासमोर हार खायची हे आपल्याकडे होणे नाही. त्यातून 'भक्त', 'चमचा', 'फुरोगामी', 'अर्बन नक्षल' हे शब्द आले की वाद मुद्द्यावरून माणसावर येतो आणि वाचणारे दोन टोळ्यांत बसतात. आपल्या शहराने तर टवाळीची रीतसर सोय करून ठेवली आहे: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक निघते, बडग्या नावाच्या पुतळ्यांवर पुढाऱ्यांची यथेच्छ निंदा होते, आणि संध्याकाळपर्यंत सगळं जाळून लोक घरी जातात. ग्रुपवरचं काही जळत नाही. तीन वर्षांपूर्वीचा 'भक्त' स्क्रीनशॉट होऊन साक्षगंधाच्या दिवशी पुन्हा निघतो.

भाच्याला एकच अट घाला: मामांना उत्तर द्यायचं असेल तर मेसेज दाबून धरायचा आणि खासगीत उत्तर द्यायचा पर्याय निवडायचा. पर्याय मेनूतच आहे. मूळ मेसेजही सोबत दिसतो आणि बघणारा कोणी नसतो. तो म्हणेल, 'मग बाकीच्यांपर्यंत खरं कसं पोहोचणार?' प्रश्न योग्य आहे. तेव्हा ग्रुपवर एकदाच, कोणालाही टॅग न करता, खरी गोष्ट आधी सांगणारं एक वाक्य टाकावं: 'हा व्हिडिओ दुसऱ्या राज्यातला, जुना आहे. नागपुरात असं काही झालेलं नाही.' खोटा दावा पुन्हा लिहू नये, स्मायली टाकू नये, आणि त्यावर कोणी काही बोललं तरी दुसरं उत्तर द्यायचं नाही. हे शेवटचं त्याला सर्वांत कठीण जाईल.

ग्रुपचा नियम एकदा लिहून टाकावाच लागेल, आणि तो कधी व कोणी टाकायचा यावर सगळं अवलंबून आहे. भांडणानंतर लगेच टाकलेला नियम ज्याच्याशी भांडण झालं त्याच्यावरचा हुकूम वाटतो. निदान दोन आठवडे शांत जाऊ द्या. त्याआधी दोन ज्येष्ठांना फोन करा, एक भासऱ्यांच्या मताचे आणि एक विरुद्ध, आणि मजकूर त्यांना वाचून दाखवा. जमल्यास आत्याबाई किंवा सासरेबुवांच्या नंबरवरून जाऊ द्या. मजकूर असा चालेल:

'हा ग्रुप घरच्या बातम्यांसाठी आहे. राजकारण, पक्ष, धर्म-जात यांचे फॉरवर्ड इथे कोणीही टाकू नये, कोणत्याही बाजूचे. ज्यांना चर्चा करायची आहे त्यांच्यासाठी वेगळा ग्रुप आहे, लिंक खाली दिली आहे. चुकून काही आलं तर ॲडमिन खासगीत सांगतील, ग्रुपवर कोणी टोकू नये.'

'कोणत्याही बाजूचे' हे शब्द काढू नका. आणि पहिला महिनाभर तो नियम तुमच्या बाजूच्या माणसावर आधी लावा. भाच्याने पंतप्रधानांवरचं व्यंगचित्र टाकलं आणि तुम्ही हसलात, की तुमचा नियम त्याच दिवशी मेला.

वेगळ्या ग्रुपमध्ये कोणाला थेट घालू नका, लिंकच द्या. ज्याला यायचं तो येईल. तिथे बहुधा दोन-तीन आठवडे धुमश्चक्री होईल आणि मग शांत पडेल, कारण बघ्यांशिवाय भांडायला मजा येत नाही. काही ॲडमिन वैतागून 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील' अशी सेटिंग लावतात. ते करू नका. त्याने फॉरवर्ड थांबतात, पण वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि आजारपणाची चौकशीही थांबते, आणि महिन्याभरात लोक ग्रुप उघडणंच सोडतात. ज्याला हे सगळं नकोच असेल त्याला म्यूट आणि आर्काइव्ह दोन्ही करायला शिकवा. नुसतं म्यूट केलं तर आवाज बंद होतो, पण चॅट वर येतच राहतं आणि हात जातोच.

एक सूचना तुम्हाला उलटी वाटेल: आणखी दोघांना ॲडमिन करा, दोन्ही बाजूंचा एकेक. ग्रुप सुरू करणाऱ्याला दुसरे ॲडमिन काढू शकत नाहीत, त्यामुळे तुम्हाला धोका नाही. फायदा असा, की पुढच्या वेळी 'त्यांच्या' माणसाला टोकायचं काम 'त्यांचाच' माणूस करेल. ज्या शहरात दसऱ्याच्या एकाच दिवशी रेशीमबागेत संघाचा उत्सव असतो आणि दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय, तिथल्या घरांत एकमत होणार नाही. ते व्हावं म्हणून प्रयत्नही करू नका. व्यवस्था लागली तरी पुरे.

मैत्रिणीकडे येऊ. हे प्रकरण भासऱ्यांपेक्षा अवघड आहे, कारण नातेवाईक बारशाला-तेराव्याला भेटतातच, मैत्रीण नाही भेटत. 'तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती' हे तुम्ही दुखावून लिहिलं असेल, कदाचित अर्ध्या थट्टेत. तिने ते वाचलं तिच्या ऑफिसातल्या लोकांसमोर, नणंदेसमोर, आणि तुमचा आवाज त्यात नव्हता. 2005 मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केले होते. ईमेलमधला आपला सूर, उपरोध की गंभीर, वाचणाऱ्याला 78 टक्के वेळा कळेल असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं. कळला 56 टक्के वेळा, म्हणजे छापा-काट्याच्या जवळपास. तीच वाक्यं आवाजात ऐकवली तेव्हा आकडा 73 वर गेला. आणि तुमचं 'विकली गेलीस का' तर कुठल्याही सुरात वाईटच आहे. मत चुकीचं आहे असं न म्हणता नियत विकलेली आहे असं तुम्ही म्हणालात.

आधी ती कमेंट डिलीट करा, आजच. पण डिलीट केली म्हणजे झालं असं धरू नका, तिने ती वाचली आहे. फोन उचलत नसेल तर व्हॉइस नोट पाठवा, मिनिटाच्या आत. त्यात 'पण' हा शब्द येऊ देऊ नका, पोस्टचा विषय काढू नका, आणि 'तुला वाईट वाटलं असेल तर' असंही नको. वाईट वाटलंच आहे. 'मी तुझ्या मतावर बोलले नाही, तुझ्यावर बोलले, तेही चारचौघांत. चुकलं माझं. कमेंट काढली आहे.' एवढं म्हणा आणि थांबा. उत्तर आलं नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एक साधा निरोप, राजकारणाशी संबंध नसलेला. त्यानंतर पाठपुरावा नको. तोपर्यंत तिच्या पोस्ट पाहून पुन्हा बोटं शिवशिवतील, म्हणून फेसबुकवर तिला 30 दिवसांसाठी स्नूझ करा. अनफ्रेंड केल्याचं तिला कळू शकतं, स्नूझचं कळत नाही.

ती भेटली तर घरी समोरासमोर बसण्यापेक्षा अंबाझरी तलावावर एक चक्कर मारा. चालताना नजरेला नजर भिडत नाही, गप्प राहिलं तरी अवघडत नाही, आणि अर्ध्या-पाऊण तासात चक्कर आपोआप संपते. राजकारण तुम्ही काढू नका. तिने काढलंच तर पहिली दहा मिनिटं फक्त विचारा: हे मत कधीपासून झालं, असं काय घडलं होतं, कोणामुळे. आणि ऐकलेलं तिच्याच शब्दांत परत सांगा, 'म्हणजे तुला असं म्हणायचंय ना...' म्हणून. मायामीत दारोदार जाऊन दहाएक मिनिटं असंच न भांडता विचारणाऱ्या कार्यकर्त्यांवरचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. तृतीयपंथीयांबद्दलचा लोकांचा आकस त्याने कमी झाला आणि तीन महिन्यांनीही तो परिणाम टिकलेला दिसला. तिथे अनोळखी माणसं होती आणि बोलणारे शिकवून पाठवलेले होते, तेव्हा मैत्रिणीचं मत बदलेल या हिशेबाने हे करू नका. तिला आपलं ऐकून घेतलं असं वाटणं, इतकंच त्यातून मिळवायचं आहे.

राहिले भासरे. त्यांना परस्पर ग्रुपमध्ये परत घालू नका. तसं केलं तर ते चिडून पुन्हा निघतील आणि दुसऱ्यांदा निघालेला माणूस परत येत नाही. आधी यजमानांसोबत त्यांच्या घरी जा, चहा होऊ द्या, आणि व्हिडिओबद्दल एक अक्षर न काढता एवढंच म्हणा: 'दादा, तुम्हाला फोन न करता मी ग्रुपवरून काढलं, ते असं करायला नको होतं.' ही माफी काढण्याच्या रीतीबद्दल आहे, काढण्याबद्दल नाही, आणि तुम्हाला हा फरक त्यांना समजावून सांगायचा नाही. ते व्हिडिओवर बोललेच तर ऐकून घ्या, तिथे वाद नको. नवा नियम लागल्यावर आत्याबाईंकडून त्यांना ग्रुपची लिंक जाऊ द्या. नाही आले, तर घरातले फोटो आणि तारखा त्यांना वेगळ्या पाठवत राहा, आणि त्यांच्या फॉरवर्डना व्यक्तिगतरीत्याही उत्तर देऊ नका, फक्त वर सांगितलेल्या तीन जाती सोडून.